पाने आहेत, डाव नाही : सावंतवाडीच्या गंजिफाची पुनर्घडण

गंजिफा हा शब्द आजच्या मराठी वाचकाला ठाऊक असतो तो बहुधा हस्तकलेच्या एखाद्या प्रदर्शनामुळे, किंवा कोकणच्या प्रवासात सावंतवाडीला घटकाभर थांबल्यामुळे. तळहातात मावेल अशी गोल चकती, तिच्यावर मत्स्य, कूर्म किंवा परशुराम, भोवती बारीक वेलबुट्टी आणि वर लाखेची झळाळी. पाहणारा ती चकती हातात घेतो, उलटसुलट करतो, ‘किती नाजूक काम आहे!’ असे म्हणतो आणि परत ठेवतो. ज्याची ऐपत असेल तो संच विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवतो. ती चकती म्हणजे खेळण्याचे पान आहे, ती वाटायची, दडवायची, टाकायची आणि जिंकायची वस्तू आहे, हे त्याला कोणी सांगितले तर तो मान डोलावतो. पण हा खेळ खेळतात कसा, हे विचारण्याची त्याला गरज भासत नाही. आणि विचारलेच, तर सांगणारा माणूस सहजी भेटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. सावंतवाडीत एक मरू घातलेली वस्तू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा घडवली गेली. ही कामगिरी सामान्य नव्हती, हे आरंभीच नोंदवतो. परंतु त्या पुनर्घडणीत नेमके काय परत आले आणि काय आले नाही, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. खेळाच्या साधनाचे पुनरुज्जीवन म्हणजे खेळाचे पुनरुज्जीवन असे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

गंजिफा हिंदुस्थानात आला तो इराणी जगातून. नावच फारसी आहे. त्याचा या भूमीशी संबंधित पहिला ठळक उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तात येतो: १५२७ साली त्याने सिंधमध्ये शाह हसनाकडे गंजिफाची पाने पाठवली, कारण शाह हसनाला या खेळाची फार आवड होती आणि त्याने ती मागवली होती. पानिपत आणि खानव्याच्या लढाया नुकत्याच मारलेला हा माणूस एका मित्राला पत्ते पाठवतो आणि ही गोष्ट नोंदवण्याजोगी मानतो, यातच त्या खेळाची प्रतिष्ठा दिसते. पुढे ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फझल अकबराच्या काळातील गंजिफाचे तपशीलवार वर्णन करतो. त्यातला जुना संच बारा रंगांचा आणि प्रत्येक रंगात बारा पाने असा एकशे चव्वेचाळीस पानांचा आहे. (येथे ‘रंग’ म्हणजे आपल्या पत्त्यांतल्या इस्पिक-बदामासारखा गट.) या बारा रंगांची नावे मोठी सुरस आहेत: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी एकेका शक्तीच्या स्वामींची ती मांदियाळी आहे. म्हणजे खेळ फारसी वळणाचा असला तरी त्याला देशी नावे लाभलेली होती. मोगली वळणाचा जो संच पुढे सर्वत्र रूढ झाला, तो आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा. ताज, शमशेर, गुलाम, बरात असे त्याचे रंग. राजदरबार, खजिना आणि दप्तर यांचे ते एक छोटेसे चित्रच होय.

दख्खनेत आणि कोकणात या खेळाने जे रूप घेतले ते मात्र दशावतारी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी अंकांची पाने: एकूण एकशे वीस. मत्स्याच्या रंगात एक मासा, दोन मासे, असे करीत दहा मासे. कूर्माच्या रंगात कासवे. परशुरामाच्या रंगात परशू. राजाच्या पानावर साक्षात अवतार, प्रधानाच्या पानावर बहुधा घोड्यावरचा स्वार. दरबारी खेळातली खाती आणि पदे जाऊन त्या जागी देव बसले, तरी राजा आणि प्रधान ही चौकट तशीच राहिली. हा बदल कोणी एका व्यक्तीने एका दिवशी केला असे मानण्याचे कारण नाही. ज्या मुलखात दशावतारी नाटकमंडळ्या देवळांच्या जत्रांमधून रात्र-रात्र जागवतात, त्या मुलखात पत्त्यांवर दशावतार उतरले यात नवल ते कोणते?

आता खेळाकडे येतो, आणि येथे जरा थांबतो. कारण गंजिफावर जे लिहिले जाते त्यात चित्रांचे वर्णन दहा पृष्ठे आणि खेळाचे दहा ओळी असा प्रकार असतो.

खेळणारे साधारणपणे तीन. एकशे वीस पानांचे तीन वाटे केले की प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात. चाळीस गोल पाने एका हातात पंख्यासारखी धरण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्यालाच त्याचे कष्ट कळतील. डावाची सुरुवात कोणी करायची हे पिसण्या-कापण्यावर ठरत नाही, सूर्यावर ठरते. डाव दिवसा मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याने उतारी करायची. रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. राम सूर्यवंशी आणि मध्यान्ही जन्मलेला, कृष्ण चंद्रवंशी आणि मध्यरात्री जन्मलेला. ही संगती कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एका साध्या नियमात केवढा पुराणसंस्कार सामावलेला आहे!

दुसरी गंमत पानांच्या क्रमाची. राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान, हे सर्व रंगांत सारखेच. पण पुढे दहांपैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी हलकी. बावन्न पानांवर वाढलेल्या आपल्या बुद्धीला हे चमत्कारिक वाटते. पण त्याचा परिणाम असा, की हातात दश्शी आली एवढ्याने काही कळत नाही, कोणत्या रंगाची दश्शी हे पाहावे लागते. एकच आकडा एका ठिकाणी प्रधानाच्या खालोखाल, तर दुसऱ्या ठिकाणी पायरीवर बसलेला.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ‘हुकूम’. आपल्या पत्त्यांत हुकूम म्हणजे तुरुपाचा रंग: तो बोलला की त्या रंगाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या राजाला मारते. गंजिफात असे काही नाही. तेथे हुकूम म्हणजे एखाद्या रंगातले अजून टाकले न गेलेले असे सर्वांत वरचे पान. आरंभी प्रत्येक रंगाचा हुकूम त्याचा राजा असतो. राजा पडला की हुकूम प्रधानाकडे जातो, प्रधानही गेला की त्याच्या खालच्या पानाकडे. म्हणजे अधिकार हा पानाच्या अंगी चिकटलेला नसतो, वरचे किती गेले यावर तो ठरतो. सहावे-सातवे पान क्षुल्लक म्हणून ज्याने दुर्लक्षिले, त्याला डावाच्या अखेरीस तेच पान हुकूम होऊन मारते. आणि हे सारे ध्यानात ठेवायचे ते कागदावर टिपून नव्हे. दहा रंगांतली कोणती पाने गेली, कोणाच्या हातून गेली, कोणत्या रंगाचा हुकूम आता कोठवर उतरला आहे, याचा हिशेब मनात चालू ठेवणे हाच खेळ. नशिबाचा भाग वाटपापुरता. पुढे सगळी स्मरणशक्ती. गंजिफाच्या खेळावर गिरिधर नावाच्या पंडिताला ‘गंजीफाखेलन’ ही संस्कृत रचना करावीशी वाटली, यावरून विद्वानांनाही या खेळाचे आकर्षण होते असे दिसते.

असो. आता पानांच्या घडणीविषयी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, मग रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात फिरवायचा. पाठीमागची बाजू साऱ्या संचात एकाच रंगाची, कारण पाठीवरून पान ओळखू आले तर खेळ संपलाच. या एका अटीत गंजिफा चित्राहून वेगळा होतो. चित्रकाराला दोन चित्रे सारखी नसली तरी चालते, किंबहुना तेच हवे असते. गंजिफा करणाऱ्याला मात्र एकशे वीस पाने आकाराने, जाडीने, पाठीच्या छटेने आणि हाताला लागणाऱ्या स्पर्शाने तंतोतंत सारखी करावी लागतात. शिवाय ती एकमेकांवरून घसरली पाहिजेत, घामाने चिकटता कामा नयेत, वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजेत. लाख ही शोभेसाठी नव्हती, खेळणाऱ्याच्या बोटांसाठी होती.

जुन्या काळी या मालाचे दोन वर्ग असत: दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारीत हस्तिदंत, कासवाची पाठ, सोन्याचे काम असे सारे. बाजारीत झरझर ओढलेल्या रेषा, चार रंग आणि परवडणारी किंमत. आज संग्रहालयांत दरबारी पानांची कौतुके होतात. पण खेळ जगला तो बाजारी पानांवर. चार जोरकस फटकाऱ्यांत उभा केलेला वराह हा घाईत केलेला म्हणून निकृष्ट नव्हे. ओट्यावर, अपुऱ्या उजेडात, क्षणात ओळखू यावा म्हणून तो तसा होता.

सावंतवाडीत हे काम चितारी करीत. गावातली चितारआळी आजही लाकडी खेळण्यांसाठी आणि फळांच्या रंगीत प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. परंतु गंजिफा ही एकट्या सावंतवाडीची मिरास नव्हती. आमच्या परभणीकडच्या माणसाने तर नकाशा उलटा धरून पाहावा. झरीहून सावंतवाडी म्हणजे सह्याद्री ओलांडून पार कोकणच्या दक्षिण टोकाला. पण गोदावरी परभणी-नांदेडवरून पुढे जाते त्या मुलखातले निर्मल हे गाव तुलनेने शेजारचे. निर्मलचे नक्काश लाकडी खेळण्यांबरोबर गंजिफाही रंगवीत. १९५६ पर्यंत परभणी आणि निर्मल एकाच हैदराबाद संस्थानात व पुढे राज्यात होती. गंजिफाचा इतिहास लिहिताना मराठवाड्याची आठवण कोणाला होत नाही, याचे कारण एवढेच की आपल्याकडे पाने करणारे गाव नव्हते आणि खेळणाऱ्यांची दप्तरे कोणी ठेवीत नाही.

हा खेळ गेला कसा? युरोपीय पत्त्यांमुळे, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पोर्तुगीजांबरोबर युरोपीय पत्ते पश्चिम किनाऱ्यावर आले ते फार पूर्वी, आणि त्यानंतरही गंजिफा शतके टिकला. निर्णायक ठरली ती एकोणिसाव्या शतकातली छपाई. १८३१ मध्ये लंडनच्या टॉमस डी ला रू याने पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर यंत्रावरचे स्वस्त, गुळगुळीत, एकसारखे पत्ते जगभर जाऊ लागले. जी एकसारखी पाठ साधण्यासाठी चिताऱ्याला दिवसचे दिवस घोटत बसावे लागे, ती यंत्र क्षणात देई. शिवाय दहा रंगांऐवजी चार रंग, एकशे वीसऐवजी बावन्न पाने, उलटसुलट क्रमाची भानगड नाही. झरीसारख्या गावात पारावर दुपारी जो डाव बसतो तो याच बावन्न पानांचा, आणि त्यात वावगे काही नाही. लोकांनी सोपा, स्वस्त आणि चटकदार खेळ निवडला.

चिताऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार बोलका वाटतो. त्यांनी बावन्न पानांचे युरोपीय संचच हाताने रंगवायला घेतले! इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि राजा-राणी देशी पेहरावात. कारागीर खेळाशी एकनिष्ठ नसतो, गिऱ्हाइकाशी असतो. पण हाताने केलेली बावन्न पाने छापलेल्या बावन्न पानांशी भावात टिकणार किती?

विसाव्या शतकाच्या मध्याला सावंतवाडीत गंजिफा करणारे हात मोजकेच राहिले होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या विद्येकडे लक्ष वळवले ते या पार्श्वभूमीवर. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर जुन्या पद्धतीने पाने करणाऱ्यांपैकी उरलेले होते. वंशपरंपरेने आलेली विद्या परक्याला शिकवावी, हे कोणत्याही जुन्या कारागिराच्या सहज पचनी पडणारे नसते. तीच त्याची एकुलती मिळकत असते. पण ती विद्या अखेर राजवाड्यात आली. सत्त्वशीलादेवींनी स्वतः हे काम शिकून घेतले आणि पुढे कित्येक वर्षे त्या स्वतः रंगवीत राहिल्या. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था स्थापन झाली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार बसू लागले. शिवरामराजे १९९५ मध्ये निवर्तले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. काम थांबलेले नाही.

यातली एक गोष्ट सहज नजरेआड होते. जुनी विद्या घरातल्या मुलाला, तीही जातीतल्या मुलाला, हाताखाली घालून दिली जाई. राजवाड्यातल्या कार्यशाळेत ती जातीच्या कुंपणाबाहेर आली. स्त्रियांच्या हाती आली. पगारावर करण्याचे काम झाली. पुनरुज्जीवन हा शब्द जुने जसेच्या तसे परत आल्याचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात येथे वस्तू जुनी आणि ती घडवणारी व्यवस्था पूर्णपणे नवी, असा प्रकार आहे. त्याबद्दल मला खेद नाही. खेद आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, त्याकडे वळतो.

याच काळात मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन हा जर्मन गृहस्थ गंजिफा जमवीत होता. मराठी वाचकाला तो आठवत असेल, तर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासमीक्षक आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा पाठीराखा म्हणून. नव्या चित्रकलेच्या बाजूने लिहिणारा हा माणूस जुन्या पत्त्यांच्या इतक्या मागे लागला, की गंजिफाच्या अभ्यासात त्याचे नाव वगळून पुढे जाता येत नाही. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हिंदुस्थानी पत्त्यांचे प्रदर्शन भरले, त्याचा ग्रंथही त्याने लिहिला. त्याने पानांचे वर्ग लावले, गावांच्या शैली वेगळ्या काढल्या, रंगांची आणि चिन्हांची जुळणी केली. संग्राहकाची नजर आणि समीक्षकाची लेखणी असा तो दुर्मिळ योग होता.

परंतु संग्राहकाची मागणी आणि खेळणाऱ्याची मागणी या वेगळ्या गोष्टी आहेत. संग्राहकाला पान जितके सुंदर, जितके बारीक तितके हवे असते, आणि ते वापरले न गेलेले हवे असते. खेळणाऱ्याला पान वापरायचे असते. वापरून वापरून मळायचे, कडा झिजवायचे आणि चार वर्षांनी नवा संच घ्यायचा. पहिल्या गिऱ्हाइकासाठी पान केले की ते दरबारी कलमाकडे झुकते; दुसऱ्यासाठी केले की बाजारीकडे. सावंतवाडीच्या पुनर्घडणीचा गिऱ्हाईक अपरिहार्यपणे पहिला होता. प्रवासी, संग्राहक, संग्रहालये, भेटवस्तू देणारे. हळूहळू अवतारांची चित्रे पानांवरून उतरून पेट्यांवर, तबकांवर आणि फर्निचरवर गेली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाले हस्तकला म्हणून. कोणत्याही कागदावर त्यात चुकीचे काही नाही. पण तीन माणसे, चाळीस-चाळीस पाने आणि दिवस की रात्र हा प्रश्न, हे त्या मानांकनात कोठेच येत नाही.

येथे एक दूरचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. जरा आडवळणाचे आहे, पण आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू त्यावरून स्वच्छ दिसते. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पूर्वी बॅगाटेल नावाचा लाकडी फळा असे. खिळ्यांची कुंपणे, खाली एक स्प्रिंगचा दांडा, तो ओढून सोडला की गोटी वर जाऊन खिळ्यांवर आपटत खाली येई आणि एखाद्या कुंपणात अडकली की तेवढे गुण. तो स्प्रिंगचा दांडा सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ मध्ये पेटंट केलेल्या सुधारणेचा वंशज. त्याच फळ्याला अमेरिकेत वीज लागली, १९४७ मध्ये खेळणाऱ्याने गोटी परत उडवावी म्हणून हलते पंख लागले, आणि पिनबॉल नावाचे यंत्र झाले. हॉटेलांत आणि खेळघरांत नाणे टाकून ते खेळत.

१९९० च्या दशकात हा धंदा उतरणीला लागला. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने ‘बिग बँग बार’ नावाचे एक यंत्र तयार केले. अंतराळातले मद्यालय असा त्याचा थाट होता. नमुन्यादाखल चौदा यंत्रे बनली, आणि १९९६ च्या अखेरीस कंपनीने पिनबॉलचा विभागच बंद केला. यंत्र बाजारात कधी आलेच नाही. ते चौदा नमुने संग्राहकांच्या हाती गेले आणि त्यांच्याविषयीची दंतकथा वाढत गेली. शेवटी इलिनॉयमधल्या जीन कनिंगहॅम याने हक्क मिळवून, खेळाडूंकडून आगाऊ पैसे घेऊन, २००७ च्या सुमारास ते यंत्र पुन्हा बनवले: सुमारे एकशे नव्वद प्रती. कल्पना करावी, की ज्या कारखान्यासाठी ते आखले होते तो नाही, साचे नाहीत, सुटे भाग पुरवणारे पांगलेले. रंगवलेली फळी, वळणदार प्लॅस्टिकचे उतार, तारांचे जुडगे, दिवे, सारे एका लहानशा धंद्याने उभे करायचे. चिंचोक्याची खळ आणि लाख पुन्हा जमवण्याहून हे काही कमी जिकिरीचे नव्हते.

पण फरक पाहा. त्या यंत्राचे खेळणारे आधीपासून हजर होते. त्यांनी ते विशिष्ट यंत्र कधी पाहिले नसेल, पण पिनबॉल त्यांच्या मनगटात होता. यंत्र लाकडी पेटीतून बाहेर काढले, वीज लावली, की पहिल्या मिनिटाला खेळ सुरू. नियमांचा बराचसा भाग तर यंत्राच्या पोटातच होता: गुण कशाचे, दिवा केव्हा लागतो, हे चिपमध्ये लिहिलेले. तेथे हरवली होती वस्तू, आणि वस्तू परत आल्याबरोबर खेळ परत आला. सावंतवाडीत वस्तू परत आली. पण गंजिफाचे नियम पानांच्या पोटात नसतात. पानावर कोठेही लिहिलेले नसते की या रंगात एक्का मोठा. ते तीन माणसांच्या डोक्यात असते, आणि ती तीन माणसे एका वेळी, एका ठिकाणी हवीत.

बाजारात न आलेल्या खेळाचे उदाहरण आपल्या शेजारीही आहे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी गंजिफाच्या धर्तीवर स्वतः नवनवे खेळ रचले. त्यांतले काही तीनशे साठ पानांपर्यंत जातात. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या प्रचंड ग्रंथात खेळांना स्वतंत्र स्थान आहे. राजवाड्याच्या भिंतीबाहेर हे खेळ कितपत गेले असतील, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. तीनशे साठ पाने वाटून घेण्याइतका वेळ राजाखेरीज कोणाकडे असणार? त्या ग्रंथातून आणि उरलेल्या पानांतून म्हैसूरची काही अभ्यासू मंडळी अलीकडे हे खेळ उलगडू पाहत आहेत. तेथे निदान रचनाकाराने स्वतः लिहून ठेवले होते. लोकांचा खेळ मात्र लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही, कारण तो सगळ्यांना येतच असतो. ‘सगळ्यांना’ हा शब्द एका पिढीत ‘म्हाताऱ्यांना’ होतो, पुढच्या पिढीत त्यालाही अर्थ उरत नाही.

ओडिशात असे झाले नाही, निदान इतक्या लवकर झाले नाही. तेथे या खेळाला गंजपा म्हणतात. पुरी आणि गंजाम जिल्ह्यांतल्या काही गावांत वयस्कर मंडळी आठ रंगांचा गंजपा अलीकडच्या दशकांपर्यंत खेळत आल्याच्या नोंदी आहेत. तेथल्या चित्रकारांनी पाने खेळणाऱ्यांसाठीही केली आणि प्रवाशांसाठीही. खेळणाऱ्यांची पाने भडक, ठसठशीत, निर्दयपणे साधी, प्रवाशांची सुबक. ती दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कोणत्या पानाला मालक आहे आणि कोणत्या पानाला प्रेक्षक, हे सांगावे लागत नाही.

सावंतवाडीच्या बाबतीत कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. उलट, १९७१ मध्ये जर खेळापासून सुरुवात करायची असे कोणी ठरवले असते, तर हाती पाने नसल्यामुळे तेही फसले असते. पाने आधी हवीत हे खरेच. आणि देखणी पाने नसती तर विकत घेणारा नसता, विकत घेणारा नसता तर चित्रकार नसते. माझे म्हणणे एवढेच, की पुनर्घडणीचे अर्धे काम अजून सुरूही झालेले नाही, आणि ते चित्रकारांचे काम नव्हे. चांगल्या पुठ्ठ्यावर छापलेली, हाताला न चिकटणारी, वहीच्या किमतीची एकशे वीस पाने. सोबत मराठीत लिहिलेले चार पानांचे नियम. त्यांत हुकूम कसा उतरत जातो याची दोन-तीन सोडवलेली उदाहरणे. छापील पत्त्यांनी गंजिफाला मारले म्हणून छापील गंजिफाचे वावडे असावे, असे मला वाटत नाही. हाताने रंगवलेला संच त्याने स्वस्त होणार नाही. ज्याला रामाच्या राजाने उतारी करण्याची सवय लागली, त्याला एक दिवस तो राजा लाखेचा हवासा वाटेल.

उलट्या क्रमाची धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. कोणत्या पाच रंगांत एक्का मोठा, एवढे पाठ झाले की हात वळतो. पारावर बसून रमीच्या डावात कोणी काय उचलले आणि काय टाकले हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवणाऱ्या मंडळींना तर ते दोन संध्याकाळचे काम. अडचण येईल ती दिवेलागणीच्या वेळी डाव मांडला तर. तेव्हा रामाने आरंभ करायचा की कृष्णाने, यावरून पहिले भांडण होईल.